गुरुवारच्या व्याख्यानाला आलेल्या बाई

प्रिय ठमे,

पाय बरा आहे, गोळ्या वेळेवर घेतो आणि स्वेटर अंगातच आहे. तुझे नेहमीचे प्रश्न संपले. आता माझं ऐक.

तुझी आई गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं. म्हणून मी कॉलेजपर्यंत चालत जायला लागलो. तिथे जीवशास्त्र विभागात दर गुरुवारी बाहेरचे शास्त्रज्ञ येऊन पेशी आणि जनुकांवर व्याख्यान देतात, दार सगळ्यांना उघडं. पहिल्याच दिवशी माझे पांढरे केस बघून शिपायानं मलाच पाहुणा समजून पुढच्या रांगेत बसवलं, वर पाण्याची बाटली दिली. मी भाषेचा मास्तर, मला त्यातलं ओ की ठो कळेना. तरी जात राहिलो. फोनवर तुझं बोलणं हवापाण्याच्या पुढे सरकत नाही. म्हटलं, तू ज्यात बुडालेली असतेस ते दिसतं कसं ते तरी बघावं. शिवाय, खरं सांगायचं तर, नंतर चहा असतो आणि चहाला चार माणसं.

या गुरुवारी तुझ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई येणार होत्या. फलकावर नाव वाचलं आणि मी ठेवणीतला सदरा काढला. बाईंनी एका पेशीच्या दोन होतानाचं चित्रण दाखवलं. गुणसूत्रं मधोमध ओळीत येतात, एखादं रेंगाळतं, आणि ते जागेवर येईपर्यंत पेशी थांबून राहते. तुझं काम हेच, हे मला तेव्हा कळलं. शेवटी सहकाऱ्यांचा जुना फोटो आला. त्यात तू, केस कापलेली. मी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगितलं, ही आमची मुलगी.

चहाच्या वेळी बाईंना गाठून ओळख सांगितली. त्यांचा कप हातातच राहिला. म्हणाल्या, "फार गुणी मुलगी. सोडून गेली तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं. वर्ष होऊन गेलं, नाही? कशी आहे आता?"

मी म्हणालो, "मजेत आहे. रविवारीच बोललो."

परत येताना ते रविवारचे फोन आठवत होतो. "लॅबमध्येच आहे बाबा, घाईत आहे." मागे कपबश्यांसारखा आवाज यायचा. मला वाटायचं, तुमची काचेची उपकरणं असतील.

मी रागावलेलो नाही. का सोडलंस, ते तुला वाटेल तेव्हा सांग, नाहीतर नको सांगूस. फोनवरच विचारणार होतो; पण मग तुला तिथल्या तिथे काहीतरी जुळवावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं ऐकवलं नसतं. पत्राचं उत्तर सवडीनं देता येतं. हे जुन्याच पत्त्यावर टाकतोय, दुसरा माझ्याकडे नाही. हाती पडलं तर एवढंच कर: राहतेस कुठे ते कळव. कामाचं मागाहून बघू.

तुझाच,
बाबा