फोर्नो म्हणजे फोडणी नव्हे

तुकोगंज, इंदूर
मार्गशीर्ष, १९४९

प्रिय शालू,

हे पत्र रविवारच्या आत तुला मिळावं, आणि अप्पासाहेबांनी उघडण्याआधी मिळावं, एवढंच देवाजवळ मागते आहे. ते तुझे वडील आहेत, वकील आहेत, तुझं हित त्यांना माझ्याहून जास्त कळतं, हे मला मान्य आहे. रविवारी ते डॉक्टरांना घेऊन येतील आणि उदयला वेड्यांच्या इस्पितळात पोचवतील, तुझीही त्याला संमती आहे, असं त्यांनी ह्यांना कळवलं. ह्यांनी ते वाचून चष्मा पुसला आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. माझ्या तोंडून ‘ठीक आहे’ निघत नाही. मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथे सिस्टरांनी इंग्रजी पत्रांचे मायने शिकवले, लेस विणायला शिकवली, पण मनातलं कसं लिहायचं ते कोणी शिकवलं नाही. तेव्हा वेडंवाकडं लिहिलं तर सांभाळून घे.

तू गेलीस तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. उदय झोपेत काहीतरी पुटपुटायचा, आणि तू एकदा धावत येऊन मला म्हणालीस, ‘आईसाहेब, ते फोडणी म्हणतात! फोडणीचा भात हवाय त्यांना.’ किती महिन्यांनी तू तशी हसलीस! कढीपत्ता तू स्वतः खुडून आणलास, शेंगदाणे तळलेस, ताट घेऊन त्याच्यासमोर बसलीस. त्याने हाताने ताट असं लोटलं की भात तुझ्या पदरावर सांडला. तू रडली नाहीस. पदर झटकलास, ट्रंक भरलीस. मी तुला थांबवू कोणत्या तोंडाने? तू गेल्यावर तोच भात मी पुन्हा पुन्हा केला, कधी मोहरी जास्त घालून, कधी लसूण घालून, आणि प्रत्येक वेळी तो उठून गेला. जनाबाई भांडी घासता घासता म्हणायची, ‘बाईसाहेब, आता त्या भातावर तरी दया करा.’

बरं, तो उपाशी राहायचा असंही नव्हतं. परसातल्या झाडाचे पेरू स्वतः तोडून खायचा. गाडीवरचे फुटाणे खायचा. महूला बराकीत होता तोवर पलटणीच्या लंगरचं जेवण मुकाट्याने जेवत होताच की. पलटण सुटली, तो घरी आला, आणि तेव्हापासून घरचं अन्न बंद झालं. मी आई, पण मला यातलं काही उमगलं नाही. पोटात काही दोष असेल म्हणून चूर्णं दिली, ती गटारात गेली. त्याची हाडं दिसायला लागली. गळ्याची घाटी अशी वर आली आहे की बोलताना बघवत नाही. युद्धाआधी मांडवात तुझ्याशेजारी उभा राहिलेला मुलगा आठव आणि मग हे वाच, म्हणजे माझ्या जिवाची काय तगमग होते ते कळेल.

शेवटी मी महूला सिस्टर क्लाराकडे गेले. त्या इटलीच्या, आता फार थकल्या आहेत. मला बघून आधी विचारलं, ‘कुमुदिनी, अजून नखं खातेस?’ मी त्यांना सगळं सांगितलं: आफ्रिकेत पकडला गेला, इटलीत कैदेत होता, तिथून पळाला, डोंगरात कुठेतरी लपून राहिला, आणि आता झोपेत फोडणी-फोडणी करतो. त्यांनी मला तो शब्द दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाल्या, अगं, तो ‘फोर्नो’ म्हणत असेल. फोर्नो म्हणजे भट्टी. त्यांच्या खेड्यांत अंगणात विटांची घुमटी असते, आत लाकडं पेटवतात, तापली की निखारे बाजूला सारून तळावर पाव भाजतात, आणि पिठाची पातळ चकती तेल-टोमॅटो घालून भाजतात, तिला पित्सा म्हणतात. शालू, मी टांग्यात बसून वेड्यासारखी हसले आणि मग रडले. आपण दोघींनी बिचाऱ्याला मोहरी-हिंगात बुडवलं! मला वाटलं, पोराला तिथली ती भाकरी हवी आहे. एवढंच ना? मग मी भट्टी बांधते.

बांधायची म्हटलं तर काहीच ठाऊक नव्हतं. सिस्टरांनी पाटीवर चित्र काढून दिलं होतं, ते पदराला पुसून अर्धं गेलं. मी आपली काळी माती कालवली. माळव्यात दुसरी कुठली असते? ती वाळली आणि अशी भेगाळली की बोट आत जावं. मग कुंभाराकडून पिवळी माती आणली, त्यात गव्हाचं भूस आणि घोड्याची लीद. रघुवीर गवंडी मिलच्या बॉयलरची डागडुजी करतो, त्याच्याकडून तळासाठी आगीला टिकणाऱ्या जुन्या विटा मिळाल्या. घुमटाचा मातीचा साचा बघून तो म्हणाला, ‘बाईसाब, बुरा मत मानना, भट्टी कम, समाधी ज्यादा दिख री है.’ घुमटाच्या विटांसाठी मी अडून बसले होते, तर एके दिवशी तुझे मामंजी बैलगाडी घेऊन आले. त्यांच्या जुन्या रिसाल्याची पागा पाडताहेत ना, तिथल्या विटा. ज्या ठाणावर त्यांची घोडी बांधली जायची तिथल्याच वेचून आणल्या होत्या. एक वीट हातात घेऊन उगाच वास घेतला आणि आत गेले.

पुढचं तुला अप्पासाहेबांकडून कळलंच असेल, कारण ते नेमके त्या दिवशी आले होते. भट्टी पुरी झाली. मी हौसेने उदयचा हात धरून त्याला अंगणात आणलं, म्हटलं, बघ, फोर्नो! त्याने पाहिलं. त्याचा चेहरा मला अजून लिहिता येत नाही. मग त्याने हाताने, नुसत्या हाताने, तो घुमट पाडला. बोटांतून रक्त आलं तरी पाडतच राहिला. अप्पासाहेब छत्री घेऊन फाटकाशी उभे होते. त्यांनी तुला ‘हिंसक’ असा शब्द कळवला ना? त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पण त्यांनी दुसरी सकाळ पाहिली नाही. दुसऱ्या सकाळी उदय अंगणात उकिडवा बसून अख्ख्या विटा एकीकडे, फुटक्या दुसरीकडे अशा निवडत होता. मी चहा घेऊन गेले नाही, नुसती जाऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाला, ‘आई, दार फार उंच ठेवलं होतंस. सगळी आच बाहेर गेली असती.’ शालू, इतकं लांब वाक्य तो कित्येक महिन्यांनी बोलला.

मग त्याने बांधायला घेतलं आणि मी माती कालवून देत गेले. तो थांबेलसं वाटलं की मी मुद्दाम चिखल पातळ करायची, मग तो चिडून म्हणायचा, ‘आई, हे काय वरण आहे?’ त्या रागासाठी मी काहीही केलं असतं. घुमट मिटल्यावर तो आतली बाजू सारवायला डोकं आणि खांदे आत घालून पालथा पडला. मी बाहेर मातीचं घमेलं धरून. आणि तिथून, त्या भट्टीच्या पोटातून, तो बोलायला लागला. आवाज घुमून येत होता, चेहरा दिसत नव्हता. म्हणूनच बोलू शकला, असं मला वाटतं.

डोंगरातल्या ज्या म्हाताऱ्या जोडप्याने त्याला लपवलं, त्यातल्या आजीचं नाव असुंता. भट्टीखालच्या लाकडं रचायच्या खणात तो दिवसभर पडून असायचा. त्या गावात भट्टी फक्त शनिवारी पेटायची, सगळ्यांची एकाच दिवशी. मधल्याच एका वारी ह्याला ताप भरला. आजीला राहवेना. पोराच्या पोटात गरम काही जावं म्हणून तिने अवेळी भट्टी पेटवली, पित्सा केला, स्वतःच्या हाताने ह्याला भरवला. खालच्या रस्त्यावरून जर्मन जात होते. त्यांना धूर दिसला. पाव भाजायचा वार नसताना धूर कोणासाठी, हे त्यांना कळलं. ह्याला म्हाताऱ्याने मागच्या ओढ्यात ढकललं होतं. तिथून त्याने गोळ्यांचे आवाज ऐकले. दोघांनाही भट्टीसमोरच उभं केलं होतं.

मी घमेलं धरून तशीच उभी. मला तेव्हा तुझा पदर दिसला, त्यावर सांडलेला भात. आणि पेरू, फुटाणे, लंगर, सगळं एका क्षणात उलगडलं. ज्या अन्नाला खास त्याच्यासाठी कोणा एकाचा हात लागत नाही, तेवढंच तो खातो. ताट लोटताना त्याने तुला लोटलं नाही, शालू. तुझ्या हातावर तुझंच मरण बसलेलं त्याला दिसलं.

परवा भट्टी पेटवली. धूर वर गेला तसा तो फाटकाकडे धावला आणि गज धरून रस्त्याकडे बघत राहिला. मी त्याला ओढलं नाही. बराच वेळ कोणी आलं नाही. मग शेजारच्या आनंदीबाई आल्या, काठी टेकत, आणि म्हणाल्या, ‘कसला होम काढलात हो कुमुदिनीबाई? आम्हाला आमंत्रण नाही ते?’ उदयने गज सोडले. मग परत येऊन पीठ थापायला बसला. टोमॅटो, कांदा, मीठ, तेल. सगळ्यांना खाऊ घातलं त्याने. आनंदीबाई म्हणाल्या, ‘चांगला आहे, पण हिरवी मिरची हवी होती.’ उदयने स्वतः मात्र खाल्ला नाही. मी माझ्यातला तुकडा मोडून त्याच्यासमोर धरला. माझा हात दुखायला लागेपर्यंत धरला. घेतला त्याने. आणि मग दिवसभर मला नजरेआड होऊ दिलं नाही. देवघरात मागे, विहिरीवर मागे. संध्याकाळी मी दिवा लावला, तर दारात बसून माझ्याकडे असा बघत होता, जणू मी चुकूनच जिवंत राहिले आहे. काल त्याने पुन्हा एक तुकडा घेतला.

पण माझं काय, मी म्हातारी बाई. आईला काही होत नाही, असं पोरांना वाटतंच. त्याला धास्ती तुझ्या जिवाची आहे. रविवारी डॉक्टर विचारतील, घरचं अन्न घेतो का, आणि तो तोंड फिरवील, आणि अप्पासाहेब गाडीचं दार उघडतील. तिथे त्याला लंगरसारखं जेवण मिळेल, आणि तो ते मुकाट्याने जेवेल, शालू, जन्मभर जेवेल, आणि सगळे म्हणतील सुधारला. म्हणून लिहिलं हे. कायमची ये असं म्हणायचा मला हक्क नाही. त्यांच्याबरोबर रविवारी ये, किंवा त्यांच्या आधी एकटी ये, आणि फोडणीचा भातच कर. त्याला एक घास तुझ्या हाताने दे. तो घेईल तेव्हा त्याच्याकडे बघू नकोस. पण नंतर उठूनही जाऊ नकोस. राग आला असेल तर रागाने बस, बोलू नकोस हवं तर. फक्त संध्याकाळपर्यंत त्याला दिसशील अशी समोर बसून राहा.

तुझीच आणि तुझ्याच वाटेकडे डोळे लावलेली,
आईसाहेब