विहिरीजवळची चौकट

एकोडी, ९ ऑक्टोबर १९७८

चि. पुंडलिकास धुरपताताईचे आशीर्वाद. वि. वि.

यंदाच्या पावसात आपल्या आणि धाकट्या तुलारामच्या अंगणांमधलं कुंपण पडलं. फळ्यांच्या पाचही चौकटी कुजल्या. साजाच्या लाकडाचे खांब उभे आहेत. वाटणीत विहीर धाकट्याकडे गेली, तू कुंपण घातलंस, आणि सात वर्षं मी गल्लीतून वळसा घालून पाणी आणते. आता महिनाभर सरळ जाते. गुडघे दुवा तुला देत नाहीत, पावसाला देतात.

तसंच मोकळं राहू देऊ का? आपल्या गावचा सेवकराम तिकडून येऊन सांगत होता, माणसामाणसांतल्या भिंती पाडा म्हणून लाखनीच्या सभेत तू टेबलावर मूठ आपटलीस. इथे तर नुसतं लाकूड आहे रे बाबू.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

लाखनी, १४ ऑक्टोबर

ती. ताईस पुंडलिकचा शि. सा. नमस्कार.

भिंती पाडा म्हणतो ते गावाने ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्यासाठी. वाटणीच्या वेळी पंचांसमोर जो मला भावाचा हक्क खाणारा म्हणाला, त्याच्यासाठी नाही. तो शब्द त्याने अजून परत घेतलेला नाही. पाण्याला मी बाई लावून देतो.

खांब तेच ठेवू. खुशाल सुतार इथे नव्या चौकटी करून तिकडे बसवून देईल. खांब कलले असतील, म्हणून खांबांमधल्या पाचही गाळ्यांची मापं वेगवेगळी घे आणि मापाला कापलेल्या सुतळ्या पाठव. तू जन्मभर चोळ्या शिवल्यास, तुला काय शिकवायचं?

घसा बसला आहे. सभा संपत नाहीत, माणसं मात्र आहेत तशीच राहतात.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
पुंडलिक

एकोडी, ६ नोव्हेंबर

चि. पुंडलिकास आशीर्वाद.

खुशाल काल चौकटी घेऊन आला. एकटा माणूस चौकट धरेल की खिळा मारेल? तुलाराम न बोलावता आला. ज्याला अडवायचं तोच पलीकडून खांदा लावून उभा. चार चौकटी नीट बसल्या. पाचवी, विहिरीजवळची, चार बोटं जास्त निघाली.

खुशालने करवत काढली, ती तुलारामने हातातून घेतली. म्हणाला, घरच्या लाकडाले पहिली करवत मोठ्याच्या हातची, बाबाच्या वेळेपासून असंच होऊन राहिलं, दादा येईल तवा कापल. मग करवत बाजूला ठेवता ठेवता म्हणाला, तो शब्द मले सात वर्षं गिळता नाही आला. पण दादा पुढे आल्याशिवाय वापस कोणाजवळ घेऊ?

तेवढा गाळा उघडा आहे. कुंपण पुरं करायला तरी ये.

आठवण असू दे.
ताई

लाखनी, ११ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

खुशालकडून पाचही सुतळ्या मागवून घेतल्या. त्याने सुतळीबरहुकूमच काम केलं आहे. गावभरच्या बायकांच्या चोळ्यांत तू कधी एक सूत चुकली नाहीस. चार सुतळ्या बरोबर, आणि विहिरीजवळचीच चार बोटं जास्त? भर सभेत मला असं कोणी गप्प केलं नव्हतं.

थकलो, ताई. सात वर्षं एक शब्द धरून बसलो, आणि तुझी घागर गल्लीतून फिरत राहिली. पंचांसमोर मीही त्याला कमी बोललो नव्हतो. ते तू कधी लिहिलं नाहीस.

गुरुवारी सकाळच्या बसने येतो. पाचवी चौकट ओसरीत ठेव, दोघे भाऊ तिच्यावर बसू. तुलारामला सांग, करवत मी आणत नाही.

माप घेतलंस तसाच लोभ असू दे, चार बोटं जास्त.
पुंडलिक