हेल्मेटला लावलेलं कुंकू

ट्रॉय, मिशिगन
दसरा

ती. आईस,
सा. नमस्कार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आम्ही दोघं ठीक आहोत. निहार वेळेवर जेवतो, मीही जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

निहार शाळेच्या फुटबॉल टीममध्ये आहे. इथल्या फुटबॉलमध्ये एकमेकांना धडक देऊन पाडतात. पण काळजी करू नकोस. हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड्स, दातांना गार्ड, सगळं असतं. पहिले दोन आठवडे कोचने फक्त धडक देताना डोकं वर कसं ठेवायचं तेच शिकवलं.

शिरीष होता तेव्हा खंडेनवमीला कारची, लॅपटॉपची पूजा तोच करायचा. काल मी हेल्मेटला कुंकू लावलं, निहारच्या कपाळालाही. मी लावलेलं चालतं का, हे तुला विचारणार होते. नाही विचारलं.

संध्याकाळी प्रॅक्टिसला ते घामाने ओघळून नाकापर्यंत आलं. कोचने शिट्टी मारून खेळ थांबवला, निहारला खाली बसवलं. दुसऱ्या मुलांच्या आया धावल्या. मी खुर्चीतच बसून होते. निहारच सांगत होता, "इट्स नॉट ब्लड, कोच."

नंतर कोच मला म्हणाला, तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही इतक्या शांत होतात. मी हो म्हटलं.

आई, कुंकवाचं मला तेव्हा आठवलंच नव्हतं. मलाही ते रक्तच वाटलं होतं.

तुझी
मृणाल