तुळजाबाईंच्या तेरा चिजा

मी, धुळाजी पिराजी कोकरे, वय वर्षे पंचवीस, धंदा सॅक्सोफोनवादन, राहणार मौजे चांदे, पेटा मुळशी, जिल्हा पुणे, कोणाच्याही दाबाखाली नसताना, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला आजार नाही. पुढील आठवड्यात मुंबईहून शांघायला जाणाऱ्या बोटीवरील बँडमध्ये वाजविण्यास निघत आहे. परतण्याचा विचार नाही आणि समुद्राचा भरवसा नाही, म्हणून आताच व्यवस्था करतो.

१. मेंढरांतील माझा हिस्सा थोरले बंधू म्हसू यांचा. बाराव्या वर्षी मी कळप टाकून पुण्याला लष्करी बँडात गेलो, तेव्हापासून माझ्या वाटणीची मेंढरेही त्यांनीच राखली. वडिलांचा पावा आई चिमाबाई हिच्याजवळच राहावा. तो कोणी मागू नये.

२. माझे क्लॅरिनेट बँडमास्तर मिंगेल यांना परत द्यावे. ते गोव्याचे. कागदावरचे सूर वाचायला त्यांनी शिकवले आणि सोळाव्या वर्षी सॅक्सोफोन हाती दिला. रविवारी ते ग्रामोफोनवर जॅझच्या तबकड्या लावीत. एका तबकडीत अमेरिकेतला कोणी वादक ओठाने सूर वाकवून खाली ओढी आणि पुन्हा वर आणी. मी तीन महिने तेवढेच घोटत बसलो. मास्तर वैतागून म्हणत, "अरे, हे तुझे रडणे कधी थांबणार?" थांबले नाही. त्याच रडण्यावर मला मुंबईच्या हॉटेलात नाचाच्या बँडमध्ये जागा मिळाली.

३. सॅक्सोफोन माझ्याबरोबर जाईल. माझ्या पश्चात तो परत आला, तर गाणाऱ्या तुळजाबाई, राहणार पुणे, यांचा. त्यांनी तो विकावा, मोडीत घालावा, कोणी जाब विचारू नये.

मुंबईला जाण्यापूर्वी त्यांच्याकडे शिकायला प्रथम गेलो तेव्हा वाद्य पाहून त्या हसल्या होत्या. "हे दाराबाहेर ठेव. आधी गा." पाच महिने गायलो, मग वाद्य आत आले. यमनातली मींड मी ओठाने ओढली, तबकडीवरून शिकलेल्या ओढीने, तेव्हा त्यांनी तंबोरा थांबवला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तबकडीनं."

"मग तिलाही नमस्कार करत जा."

पुढे त्यांच्याकडच्या ताना मी हॉटेलात घातल्या. नाचणारे पाय थांबवून ऐकत.

४. भुकूमच्या भैरूविषयी. तो आणि मी एकाच दिवशी बँडात भरती झालो आणि एका घोंगडीवर निजलो. तो क्लॅरिनेट वाजवतो, पेटीही वाजवतो. गाणारणीच्या जिन्यावर पाय ठेवला तर घरचे घरात घेणार नाहीत, अशी त्याला भीती. म्हणून बाईंकडून मिळालेले सगळे मी मुठेच्या काठी बसून त्याला शिकवले. काहीही मागे ठेवले नाही.

यंदा गणपतीनंतर शहरातील एका संगीत मंडळाने मला जलशाला बोलावले. भैरू पेटीवर साथ करणार होता. चार दिवस आधी मला निरोप आला, येऊ नये. तरी गेलो आणि मागे उभा राहिलो. माझ्या जागेवर भैरू बसला होता. क्लॅरिनेटवर तोच यमन, तीच चीज. गुरू म्हणून त्याने साताऱ्याकडच्या कोणा वारलेल्या बुवांचे नाव सांगितले.

वाजवले चांगले. मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

बाहेर त्याला गाठले. "मंडळाला काय सांगितलंस?"

"तू हाटेलात दारू पिऊन वाजवतोस म्हनून."

"मी कधी प्यालो?"

"न्हाई. पन त्यास्नी तेवढं पुरलं. धुळ्या, तुला धनगराला येकदा बसवलं असतं, पुन्ना न्हाई. मला बुवांच्या नावावर बसवतील. आपल्यातला येक तरी वर गेला."

"आन् बाईंचं नाव?"

तो वळून परत आत गेला.

बाईंना सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "सूर लागला होता का त्याचा?" लागला होता म्हणालो. "मग माफ कर त्याला," त्या म्हणाल्या. करीत नाही. त्यांचा शब्द मी मोडला तो हा एकच.

५. तुळजाबाईंच्या तेरा चिजा मी बँडच्या लिपीत एका वहीत उतरवल्या आहेत. बाईंचा गळा गेल्या वर्षीपासून बसला आहे, त्यांना मूलबाळ नाही. ती लिपी मास्तरांना येते, पण रागदारी येत नाही. दोन्ही येणारा माझ्यामागे एकच माणूस उरतो. म्हणून वही आजपासून भैरूची. अट अशी, की यातले काहीही वाजविण्यापूर्वी त्याने भर सभेत तुळजाबाईंचे नाव घ्यावे. ही अट कोर्टात टिकणार नाही, असे अर्जनवीस कोंडाजी सांगतात. तरी राहू द्यावी.

६. एवढे लिहून होते तोच भैरू इथे पौडला, कोंडाजींकडे आला. म्हसूदादाने त्याला सांगितले असावे. "साक्षीला मी ऱ्हातो," म्हणाला. मी त्याला पाचवे कलम वाचायला दिले. त्याने ते दोनदा वाचले.

"तिचं नाव घेतलं तर मला पुन्ना कोन बोलवायचं न्हाई."

"व्हय."

"ठावं असून लिवलंस?"

"व्हय."

त्याने टाक उचलला, कागदाकडे पाहिले आणि टाक दौतीत परत ठेवला. मग कागदाशेजारी ठेवलेली वही उचलून सदऱ्याखाली घातली आणि माझ्याकडे न बघता भुकूमच्या वाटेला लागला. त्याची साक्ष घेतलेली नाही. पाचवे कलम बदललेले नाही.

मुक्काम पौड, तारीख ३ डिसेंबर १९२८.

सही: धुळाजी पिराजी कोकरे, दस्तुरखुद्द

साक्षीदार:
१. मिंगेल, बँडमास्तर, पुणे लष्कर
२. गेणबा, राहणार नांदे, निशाणी अंगठा

मसुदा: कोंडाजी, अर्जनवीस, पौड. कलम चार व सहा धुळाजी यांनी स्वहस्ते घातली. ती काढावी असे मी सुचविले होते, त्यांनी ऐकले नाही.