कडुनिंबाखालची मोंडो ग्रास

२८ सप्टेंबर
लावली एकदाची. सोसायटीच्या मागच्या पट्टीत, कडुनिंबाखाली, यमुनेकडच्या नर्सरीतून आणलेली मोंडो ग्रास — सावलीत वाढते, बारा महिने हिरवी, कापायचीही गरज नाही. सेक्रेटरी दिनकरकाका दर वर्षी तिथे लॉन अंथरतात, दर वर्षी ते मरतं, दर वर्षी काका हळहळतात. ऊनच नाही तिथे लॉन! आता म्हणे टाइल्स. "डिसेंबरच्या मीटिंगपर्यंत हिरवं दिसलं तर ठीक. टाइल्सला बिल्कुल मेन्टेनन्स नाही बघ." बुंध्यापर्यंत सिमेंट. मग झाड पाणी कुठून पिणार, हे त्यांना सुचणारही नाही.

१२ ऑक्टोबर
बाबा रोज सकाळी बघून येतात. "छान रुजलीय," म्हणाले. तरी मी बोटाने माती उकरून पाहिली. रुजलीय.

२ नोव्हेंबर
पात्यांची टोकं तपकिरी पडलीत. जेवण गेलं नाही. दिनकरकाका म्हणाले, "पोल्यूशन." दिल्लीत डोकं चालेनासं झालं की पोल्यूशन.

९ नोव्हेंबर
निम्मी पट्टी जळल्यासारखी. पद्मजाकाकूच — दिनकरकाकांची बायको. जिना धुतला की फिनाइलचं पाणी मागच्या दारातून ढकलून देतात. पट्टीत टाकताना पाहिलं नाही, पण दुसरं कोण? सोसायटीच्या ग्रुपवर नाव घेऊन लिहिलं. उत्तर आलं, "यार, मी तिकडे जातसुद्धा नाही." साठीत 'यार'!

१६ नोव्हेंबर
काकू नव्हेत, बाबा होते.
सकाळी बादली घेऊन जाताना दिसले. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी साठवतात आणि रोज पट्टीत ओततात. इथलं पाणी आधीच खारट, त्यातले सगळे क्षार त्या बादलीत उतरतात. त्यानेच मुळं जळतात, मी सांगितलं. "एवढं पाणी मोरीत सोडायचं?" म्हणाले. मग बादली उपडी ठेवत, "मला काय माहीत."
बाबांच्या बदल्यांमुळे तिसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. सगळं त्यांनी शिकवलं. पहिला धडा — चूक झाली की चारचौघांत उभं राहून सांगायचं.
काकूंची माफी आजच मागायला हवी. बाबा म्हणाले, "थांब. मीटिंगमध्ये मीच सांगतो."

३० नोव्हेंबर
काकू जिन्यात भेटल्या. मान वळवून वर गेल्या. तिथेच माफी मागावीशी वाटली. पण बाबांनी शब्द दिलाय. आपल्या घरी शब्द म्हणजे शब्द, दिनकरकाकांकडच्यासारखं नाही.
पट्टीत साधं पाणी भरपूर सोडतेय. दोन-तीन ठिकाणी मधून हिरवं दिसतंय.

७ डिसेंबर
मीटिंगमध्ये काकूंनी सरळ विचारलं, "चलो उन्नती, ग्रुपवर माझं नाव घेतलंस ना? मग सांग आता, कोणी जाळलं?"
मी बाबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.
मी उभी राहिले. म्हटलं, "मी."
टाइल्स मंजूर झाल्या. हात वर करणाऱ्यांत बाबाही होते.