तोरण ओढ्यात सोडू नको

देहरादून

आई,

पाया पडते. मी बरी आहे, पोटभर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

फोनवर तू नुसतं "व्हय, व्हय" म्हणतेस, म्हणून लिहिते. सुलेखावहिनीकडून वाचून घे.

बाहेरून आलेलं झाडझुडूप जंगलात पुढं कुठं पसरंल, याचा नकाशा आम्ही इथं संस्थेत काढतो. काल संगणकावर आपल्या अजिंठ्याचं रान उघडलं. आपल्या घरामागच्या ओढ्यापासून डोंगरापर्यंत सगळं लाल, म्हणजे धोका. आमचे सर म्हणाले, "इथं बी येतं कुठून?" मला आपलं अंगण आठवलं.

तू अंगणात लावलेला पिवळा कॉसमॉस, आई, तोही बाहेरूनच आलेला. दसऱ्याला झेंडूऐवजी सगळ्या गल्लीनं त्याचीच तोरणं बांधली. आता दिवाळीच्या साफसफाईत निर्माल्य म्हणून ती ओढ्यात सोडाल. त्यातल्या काळ्या बिया वाहत गेल्या, की रानात गवत उरणार नाय. गुरं काय खातील?

पुरू नको, उगवंल. जाळलं तर पाप लागंल, असंही म्हणू नको. बंबात घाल आणि पहिल्या अंघोळीचं पाणी त्यावरच तापव. गल्लीतल्या बायांनाही सांग, त्या तुझं ऐकतात.

आधीच सोडलं असशील तर रागावणार नाय. पण लपवू नको. कळवशील त्याच दिवशी मी बिया वेचायला गाडीत बसते.

तुझी सायली