कळवतो म्हणाले होते

मालेगाव (वाशिम)
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

उत्कर्षजी, नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचं मोटारपंप दुरुस्तीचं काम जोरात आहे, हरभऱ्याले पाणी सुरू झालं ना. तुमच्या आईचा गुडघा आता कसा आहे? शुद्ध लिहायचं ठरवून बसली होती, पण दुसऱ्याच ओळीत ‘हरभऱ्याले’ आलं. आता असंच लिहिते.

पत्र पाहून तुमी चमकले असान. मेसेज करता आला असता, पण मग टिक निळी झाली का, हे पाहत बसली असती. घरी पाठवलं असतं तर तुमच्या देवमनमामांनी आधी फोडलं असतं. म्हणून तुमच्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकते. जनावरांच्या दवाखान्यात दुसऱ्याचं पत्र कोण फोडते?

तुमी मले पाहायले आले, तेव्हा मोठ्या माणसांनी आपल्याले गच्चीवर पाठवलं होतं. तुमी विचारलं, "तुमचं काम म्हणजे नेमकं काय?" मी तोंड उघडलं, अन् खालून तुमच्या मामांनी हाक मारली, "चला, अंधार पडून राह्यला." तुमच्याआधी जे पाहुणे येऊन गेले, त्यांनी पगार विचारला. काम कोणी विचारलं नाही. म्हणून तुमाले उत्तर द्यायचं राहून गेलं, ते देते.

नागपूरच्या एका कंपनीसाठी मी घरूनच वेबसाइट तपासते, दवाखान्यात नंबर लावायच्या. बटणं मी स्वतः दाबत बसत नाही. एक प्रोग्राम लिहिते. तोच ब्राउझर उघडते, नाव भरते, बटण दाबते. पण तो पेजपेक्षा उतावळा. बटण अजून आलंच नाही तरी दाबायले धावते, अन् तोंडावर पडते. नवीन होती तेव्हा मी त्याले जागोजागी सांगून ठेवलं, दहा सेकंद गप उभा राय. मग बटण लगेच आलं तरी हा उभाच, अन् नेट हळू असलं तर दहा सेकंद थांबूनही फजिती. आमच्या मंतशा मॅडमनं ते पाहिलं अन् म्हणाल्या, "रीता, नुसतं थांब म्हणू नको. कायच्यासाठी थांबायचं अन् कुठवर, ते सांग." तेव्हापासून तसंच लिहिते. बटण दिसलं की लगेच दाब. ठरल्या वेळात नाही दिसलं, तर थांबणं बंद कर अन् नाही आलं म्हणून सरळ सांग.

तरी एक भानगड उरतेच. कधी बटण पेजवर असते, पण त्याच्यावर ती गोल फिरणारी चकरी पसरलेली असते. बटण आहे, पण दाबता येत नाही.

तुमाले हे समजायले जड नाही. गाय विताना तुमीही वाट पाहता, पण कुठवर पाहायची अन् कधी हात घालायचा, हे तुमाले माहीत असते.

इथवर कामाचं झालं. आता खरं लिहिते.

"कळवतो" म्हणून तुमची माणसं गेली, त्यानंतर सोयाबीन निघालं, दिवाळी झाली. आई म्हणते, पोरीकडच्यानं विचारू नये, आब जाते. बाबा फोन वाजला की हातातला पाना टाकून धावतात, अन् फोन गिऱ्हाईकाचा निघते. मले ते पाहवत नाही. त्यात कंपनीनं मले पक्कं केलं अन् एक तारखेपासून नागपूरच्या ऑफिसात बोलावलं. बाबा म्हणतात, "पाहुणे काय म्हणतात ते आधी कळू दे. तू नागपूरले गेली अन् त्यायले नाही पटलं तर?" नोकरी माझी, अन् ती अडकून पडली तुमच्या ओसरीत.

राग आला, खोटं काहून बोलू? पण नुसता रागच असता तर मी एवढं लिहिलं नसतं. मले तुमी आवडले. तुमी मनातून हो म्हणून बसले असान अन् वर घरच्यांची चकरी फिरत असन, असं मी स्वतःले समजावत असते. पण त्या चकरीमागं तुमी आपल्या पायानं जाऊन बसले असान, तर? हे मले इथून दिसत नाही, म्हणून विचारते.

आत्ताच आई येऊन गेली. "कोणाले लिहून राह्यली?" म्हणे. खोटं बोलवलं नाही, सगळं सांगितलं. वाटलं, आता कागद फाडते. ती उगीच पदरानं टेबल पुसत राहिली, मग म्हणे, "पिनकोड बराबर टाक."

ऑफिसले मी सकाळीच होकार पाठवला. बाबांले आज जेवताना सांगन. तीस तारखेले, रविवारी, पहिल्या गाडीनं निघते. तुमचं उत्तर काहीही असो. नाही म्हणायचं असन तर म्हणा, मी दोन दिवस रडन अन् कामाले लागन. हो म्हणायचं असन तर नागपूरसकट म्हणा. अन् ते मामांच्या तोंडून नको, तुमच्या अक्षरात पाहिजे. काहीच आलं नाही, तर मी ते ‘नाही’ असंच वाचन.

तुमची वाट पाहणारी, पण तीस तारखेपर्यंतच,
रीता